वेब सर्व्हर विन्यास

संकेतस्थळाची पृष्ठे साठवून ठेवणारी व वाचकाच्या ब्राउझरकडून मागणी येताच ती पुरविणारी आज्ञावली म्हणजे वेब सर्व्हर होय. ज्या संगणकावर ही आज्ञावली चालते त्यालाही व्यवहारात सर्व्हर असेच म्हणतात. कोणत्या नावाने आलेली मागणी स्वीकारावी, कोणत्या फोल्डरमधील फाईल द्यावी, कोणती फाईल आहे तशी पाठवावी व कोणती आधी एखाद्या स्क्रिप्ट भाषेच्या स्वाधीन करावी, उत्तरासोबत कोणती माहिती जोडावी, या गोष्टी सर्व्हरला काही मूल्ये लिहून ठरवून द्याव्या लागतात. या मूल्यांच्या जुळणीस विन्यास (प्रचारातील शब्द सेटिंग) म्हणतात. विन्यास मूळ आज्ञावलीत नसून साध्या पाठ्यफायलींत वेगळा लिहिलेला असतो. त्यामुळे एकच आज्ञावली एके ठिकाणी बँकेचे, तर दुसरीकडे ग्रंथालयाचे काम करू शकते. जी मूल्ये संचालक लिहीत नाही ती रिक्त राहत नाहीत. तेथे आज्ञावलीच्या कर्त्यांनी गृहीत धरलेली मूळ मूल्ये लागू होतात. ही मूल्ये दीर्घकाळ पश्चिम यूरोपातील भाषा समोर ठेवून ठरविलेली होती. मराठी संकेतस्थळांच्या बहुतेक अडचणींचे मूळ येथे असल्याने प्रस्तुत नोंदीत देवनागरी मजकुराच्या संदर्भातील विन्यासाचा विचार विस्ताराने केला आहे.

इतिहास : पहिला वेब सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत चालविला. १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रातील सर्व्हरमुळे बाहेरच्या आज्ञावलीकडून पृष्ठ तयार करून घेण्याची सीजीआय ही पद्धत रूढ झाली. याच सर्व्हरच्या आज्ञावलीत सुधारणा करीत १९९५ मध्ये अपाची हा सर्व्हर निर्माण झाला. रास्मुस लेर्डोर्फ यांनी आपल्या वैयक्तिक पृष्ठासाठी १९९४ मध्ये लिहिलेली काही साधने १९९५ मध्ये सर्वांना खुली केली. त्यांतूनच पीएचपी ही स्क्रिप्ट भाषा विकसित झाली. मायएसक्यूएल हा डेटाबेसही १९९५ चाच. या तिघांना लिनक्स या परिचालन प्रणालीची जोड मिळाली. ही सर्व साधने विनामूल्य उपलब्ध असल्याने लहान संस्थांनाही स्वतःचे संकेतस्थळ चालविणे शक्य झाले. पुढे २००४ मध्ये रशियातील इगोर सिसोयेव्ह यांनी प्रसिद्ध केलेला एन्जिन-एक्स हा सर्व्हर, विशेषतः एकाच वेळी असंख्य मागण्या हाताळण्याच्या क्षमतेमुळे, अपाचीच्या बरोबरीने वापरात आला.

मराठी संकेतस्थळांचा आरंभही याच काळातला आहे. १९९६ मध्ये सुरू झालेले मायबोली हे त्यांतील आद्य स्थळांपैकी एक होय. त्या वेळी देवनागरी मजकूर दाखविण्याचा सर्वमान्य मार्ग उपलब्ध नव्हता. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतपद्धती होती (भारतीय मानक १३१९४, १९९१) व तिच्या प्रसारासाठी पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅकने) मोठे काम केले होते. पण ब्राउझरांना ती कळत नसे. म्हणून वृत्तपत्रे व इतर प्रकाशक रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले स्वतःचे फॉन्ट वापरीत. असा फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नसल्यास पानावर केवळ रोमन अक्षरांची खिचडी दिसे. सर्व्हरच्या दृष्टीने मात्र हा मजकूर रोमनच असल्याने विन्यासाचा प्रश्न उद्‌भवत नसे. युनिकोड या जागतिक वर्णसंचात देवनागरीला १९९१ पासून स्थान होते. तथापि विंडोज २००० या प्रणालीत मंगल हा फॉन्ट आल्यानंतरच त्याचा वापर सामान्य वाचकाच्या आवाक्यात आला. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया आरंभापासून युनिकोडमध्ये आहे व तो मीडियाविकी या पीएचपीत लिहिलेल्या प्रणालीवर चालतो. मराठी मजकूर खऱ्या अर्थाने मराठी म्हणून साठविला जाऊ लागला आणि सर्व्हरचा विन्यास हा मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचा विषय झाला.

मागणीचा मार्ग : समजा, वऱ्हाडातील एखाद्या बाजार समितीने कापूस व तूर यांचे दैनिक भाव आपल्या संकेतस्थळावर ठेवले आहेत आणि अमरावतीचा एक शेतकरी ते दूरध्वनी संचावर पाहत आहे. त्याच्या ब्राउझरने पाठविलेल्या मागणीत संकेतस्थळाचे नाव व पृष्ठाचा मार्ग असतो. एकाच संगणकावर अनेक स्थळे नांदत असल्याने सर्व्हर प्रथम नावावरून योग्य स्थळ निवडतो (आभासी यजमान) व त्या स्थळास नेमून दिलेल्या मूळ फोल्डरमध्ये फाईल शोधतो. चित्र असेल तर ते तसेच पाठविले जाते. पीएचपीची फाईल असेल तर ती भाषेच्या प्रक्रियकाकडे जाते. तो डेटाबेसमधून त्या दिवसाचे भाव काढून पृष्ठ रचतो व सर्व्हरला परत देतो. सर्व्हर त्याला शीर्षमाहिती जोडून ते ब्राउझरकडे रवाना करतो. पीएचपी पूर्वी बहुधा अपाचीच्या पोटातच बसविलेली असे. २०१० पासून पीएचपी-एफपीएम हा तिचा स्वतंत्र व्यवस्थापक मूळ वितरणात समाविष्ट झाला व आता भाषेच्या प्रक्रिया सर्व्हरपासून वेगळ्या चालविण्याकडे कल आहे. पीएचपीच्या फायली प्रक्रियकाकडे सोपविण्याची सूचना विन्यासातून चुकून गळाली, तर सर्व्हर त्या फायली साधा मजकूर समजून जशाच्या तशा वाचकाला देतो आणि त्यांत डेटाबेसचा परवलीचा शब्द असेल, तर तोही उघड होतो. यास्तव परवलीचे शब्द असलेली फाईल मूळ फोल्डरच्या बाहेर ठेवण्याचा प्रघात आहे.

अक्षरांचे संकेतन : संगणक अक्षरे नव्हे, तर बाइट साठवितो. कोणत्या बाइटांचे कोणते अक्षर हे संकेतनावरून ठरते. यूटीएफ-८ हे युनिकोडचे सर्वांत प्रचलित संकेतन केन टॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये योजिले. त्यात रोमन अक्षरास एक बाइट व देवनागरी वर्णास तीन बाइट लागतात. उदाहरणार्थ, अकोला शहरातील जठारपेठ या वस्तीचे नाव घेऊ. वाचकाला त्यात ज, ठा, र, पे, ठ अशी पाच अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये काना व मात्रा यांना स्वतंत्र क्रमांक असल्याने वर्णसंख्या सात होते आणि यूटीएफ-८ मध्ये साठविताना बाइट एकवीस होतात. पैकी ‘ज’ चे बाइट २२४, १६४, १५६ व ‘ठ’ चे २२४, १६४, १६० असे आहेत.

पाच, सात व एकवीस या तिन्ही संख्या आपापल्या परीने बरोबर आहेत. गोंधळ होतो तो एकीच्या जागी दुसरी धरल्याने. पीएचपीतील शब्दाची लांबी सांगणारे मूळ फलन एकवीस हे उत्तर देते. बहुबाइटी मजकुरासाठी असलेल्या एमबीस्ट्रिंग या जोडभागातील फलन सात सांगते, तर इंटल या जोडभागातील दृश्य अक्षरे मोजणारे फलन पाच सांगते. हे दोन्ही जोडभाग विन्यासात चालू करावे लागतात. ते नसताना एखाद्या आज्ञावलीने पत्ता दहा बाइटांवर तोडला, तर ‘जठा’ एवढे तीन वर्ण पूर्ण राहतात व ‘र’ चा केवळ पहिला बाइट शेपटीसारखा उरतो. असा तुटका मजकूर सुरक्षिततेसाठी एचटीएमएल चिन्हे बदलणाऱ्या फलनाकडे गेला की, पीएचपी ८.१ पूर्वीच्या (२०२१ पूर्वीच्या) आवृत्त्यांत ते मूळ मूल्यांनुसार रिकामे उत्तर देई. पत्त्याचे शेवटचे अक्षर बिघडण्याऐवजी सगळा पत्ताच पानावरून नाहीसा होई आणि कोठेही दोषसूचना दिसत नसे. हा दोष इंग्रजी मजकुरावर चाचणी करणाऱ्याला कधीच सापडत नाही.

शीर्षमाहितीचे वर्चस्व : आलेले बाइट कोणत्या संकेतनाने वाचावेत हे ब्राउझरला दोन ठिकाणी सांगता येते : सर्व्हरच्या शीर्षमाहितीत व पृष्ठाच्या आरंभी लिहिलेल्या घोषणेत. दोहोंत विसंगती असल्यास सर्व्हरचा शब्द प्रमाण मानला जातो. पृष्ठाच्या लेखकाने घोषणा बिनचूक लिहूनही पान बिघडलेले दिसते व त्याला कारण उमगत नाही, ते यामुळे. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात अपाची २.० बरोबर मिळणाऱ्या नमुना विन्यासफायलीत ‘ॲडडिफॉल्टचारसेट’ या निदेशापुढे आयएसओ ८८५९-१ हे पश्चिम यूरोपीय संकेतन लिहिलेले असे. ती फाईल न बदलता वापरणाऱ्या सर्व्हरवर युनिकोडमधील मराठी पान हमखास बिघडे. पुढील आवृत्त्यांच्या नमुना फायलींतून ती ओळ वगळण्यात आली. पीएचपीचे ‘डिफॉल्ट चारसेट’ हे मूल्यही ५.६ या आवृत्तीपासून (२०१४) यूटीएफ-८ झाले.

असा बिघाड ओळखण्याची एक सोपी खूण आहे. देवनागरीच्या मुख्य संचातील प्रत्येक वर्णाचा पहिला बाइट २२४ असतो व पश्चिम यूरोपीय संकेतनात तो डोक्यावर तिरपी रेघ असलेल्या रोमन ‘ए’ चा बाइट आहे. पानावर दर तिसऱ्या जागी हे अक्षर दिसू लागले की, मजकूर मूळचा यूटीएफ-८ असून वाचणारा त्याला लॅटिन समजत आहे, असे निःशंकपणे म्हणता येते. अशा वेळी बाइट शाबूत असतात. केवळ घोषणा दुरुस्त केली की, अक्षरे पूर्ववत होतात.

पानावर प्रश्नचिन्हे दिसणे हा प्रकार याहून वेगळा व कितीतरी गंभीर आहे. डेटाबेसमधील स्तंभ लॅटिन संकेतनाचा असेल व त्यात जोडणीवरून आलेला देवनागरी मजकूर रूपांतरित होऊन साठविला गेला, तर लॅटिनमध्ये नसलेल्या प्रत्येक वर्णाच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवले जाते. जठारपेठ या नावाची सात प्रश्नचिन्हे होतात. त्यांवरून मूळ शब्द परत मिळविता येत नाही; एका नावाची सात चिन्हे व दुसऱ्या कोणत्याही सातवर्णी नावाची सात चिन्हे यांत काही फरक उरत नाही. अर्जदारांची नावे वा सभासदांचे पत्ते अशा रीतीने साठविले गेले असतील, तर मूळ कागद पुन्हा टंकलिखित करण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून संकेतस्थळावर प्रश्नचिन्हे दिसू लागताच नवीन नोंदी घेणे थांबवून मगच कारण शोधावे, हे उत्तम.

मायएसक्यूएलमध्ये ५.७ पर्यंतच्या आवृत्त्यांत लॅटिन-१ हेच गृहीत संकेतन होते आणि अक्षरांचा क्रमही स्वीडिश भाषेचा होता, कारण डेटाबेस विकसित करणारी कंपनी स्वीडनमधील होती. ८.० या आवृत्तीपासून (२०१८) ही स्थिती बदलली. मध्यंतरीच्या काळातील अनेक स्थळांवर एक विचित्र प्रकार घडला. पीएचपी यूटीएफ-८ चे बाइट पाठवी. पण जोडणीचे संकेतन न सांगितल्याने डेटाबेस त्यांना लॅटिन समजे. परत देताना तोच गैरसमज उलट दिशेने होऊन मूळ बाइट मिळत व पान व्यवस्थित दिसे. दोन चुका परस्परांना झाकत असत. स्थळ नव्या संगणकावर हलविले व तेथील जोडणीचे संकेतन योग्य असले की, केवळ जुना मजकूर बिघडलेला दिसू लागे, नवा नाही. यावर उपाय म्हणून जोडणी पुन्हा चुकीची करून ठेवण्याची युक्ती सर्रास वापरली जाते. ती निंद्य आहे, कारण त्यामुळे डेटाबेसमधील शोध, क्रम व लांबीची मर्यादा सर्व चुकीच्याच बाइटांवर चालू राहतात. प्रत घेऊन जुन्या स्तंभांचे एकदाच शुद्धीकरण करणे हाच खरा मार्ग होय.

मोडी लिपी : मायएसक्यूएलमधील ‘यूटीएफ८’ या नावाने ओळखले जाणारे संकेतन दीर्घकाळ वर्णास जास्तीत जास्त तीन बाइट देणारे होते. देवनागरीला ते पुरते. मोडी लिपीचा समावेश मात्र युनिकोड ७.० मध्ये (जून २०१४) वरच्या पट्ट्यात झाला असून तिच्या प्रत्येक वर्णाला चार बाइट लागतात. तीन बाइटी स्तंभात मोडी मजकूर भरू गेल्यास जुन्या, शिथिल विन्यासाच्या डेटाबेसमध्ये पहिल्या मोडी अक्षरापासून पुढचा सर्व मजकूर, त्यातील देवनागरी भागासह, गळून पडतो. कडक विन्यासात नोंदच नाकारली जाते व हे अधिक बरे. २०१० पासून उपलब्ध असलेले चार बाइटी संकेतन (यूटीएफ८एमबी४) निवडल्यास ही अडचण राहत नाही. मोडी दप्तरांची सूची महाजालावर ठेवू इच्छिणाऱ्या संस्थांनी याकडे प्रथम लक्ष द्यावे.

फायलीच्या आरंभीची खूण : विंडोजमधील नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून जतन केलेल्या फायलीच्या आरंभी पूर्वी तीन अदृश्य बाइट (२३९, १८७, १९१) आपोआप घातले जात, २०१९ पासून ते गृहीत धरून घातले जात नाहीत. पीएचपीच्या फायलीत ही खूण राहिली, तर शीर्षमाहिती पाठविण्यापूर्वीच मजकूर बाहेर पडतो आणि नंतर शीर्षमाहिती पाठविता येत नाही. परिणामी, प्रवेशनोंदणी चालत नाही किंवा पृष्ठाच्या माथ्यावर मोकळी जागा दिसते. मराठी मजकुरासाठी यूटीएफ-८ निवडणे अपरिहार्य असल्याने इंग्रजी लिहिणाऱ्यापेक्षा मराठी लिहिणाऱ्यालाच हा त्रास अधिक झाला.

स्क्रिप्ट भाषेची इतर मूल्ये : पीएचपीची मूल्ये ‘पीएचपी डॉट आयएनआय’ या फायलीत असतात. एका पृष्ठाला मिळणारी स्मृती (मूळ मूल्य १२८ मेगाबाइट), कार्यकाल (३० सेकंद), चढविलेल्या फायलीचे कमाल आकारमान (२ मेगाबाइट) व एकूण पाठविलेल्या माहितीची मर्यादा (८ मेगाबाइट) ही त्यांतील नेहमी बदलावी लागणारी मूल्ये होत. शेवटच्या दोहोंचा संबंध लक्षात घ्यावा लागतो. एखाद्याने सातबाराच्या उताऱ्याची पाच मेगाबाइटची प्रत जोडली, तर फक्त फाईल नाकारली जाते. प्रत दहा मेगाबाइटची असेल, तर अर्जातील नाव-गावासह सर्व रकाने रिकामे पोहोचतात. एका प्रक्रियेस ६४ मेगाबाइट लागत असतील व पीएचपीसाठी २,०४८ मेगाबाइट राखले असतील, तर एका वेळी ३२ पेक्षा अधिक प्रक्रिया चालू देऊ नयेत. अन्यथा निकालाच्या दिवसासारख्या गर्दीत सगळा संगणकच ठप्प होतो.

कालविभागाचे मूल्य न दिल्यास पीएचपी जागतिक प्रमाणवेळ धरते व ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. पहाटे पाच वाजता केलेल्या नोंदीवर त्यामुळे आदल्या दिवसाची तारीख पडते. बाजारभावाच्या किंवा निविदेच्या बाबतीत ही बाब किरकोळ नाही. कालविभाग भाषेत व डेटाबेसमध्ये दोन्हीकडे एकच ठेवावा. दोषसूचना वाचकाला दाखविणे प्रत्यक्ष वापरातील स्थळावर बंद करून त्या नोंदवहीत लिहिल्या जातील अशी योजना करावी, कारण सूचनांत फायलींचे मार्ग व कधीकधी डेटाबेसची माहितीही असते. अर्जातील रकान्यांना आपोआप चलांचे रूप देणारे एक कुप्रसिद्ध मूल्य पीएचपी ४.२ (२००२) पासून मूळतः बंद करण्यात आले व ५.४ (२०१२) मध्ये काढूनच टाकले गेले.

शोध व अक्षरक्रम : सर्व संकेतने जुळल्यावरही मराठीचे काही प्रश्न उरतात. वऱ्हाड हा शब्दच पाहावा. त्यातील अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त चिन्ह जोडून, किंवा साध्या ‘र’ ला हलन्त व त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक हा अदृश्य वर्ण देऊन. पहिल्या शब्दात सहा वर्ण व अठरा बाइट, दुसऱ्यात सात वर्ण व एकवीस बाइट होतात. पानावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात. पण एका पद्धतीने टंकलेला शब्द शोधला असता दुसऱ्या पद्धतीने टंकलेला सापडत नाही. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने ही दोन रूपे एक होत नाहीत. म्हणून नोंद साठविताना व शोध घेताना दुसरे रूप पहिल्यात बदलण्याची योजना आज्ञावलीतच करावी लागते. अदृश्य वर्ण सरसकट गाळणारी गाळणी बसविल्यास मात्र दुसऱ्या पद्धतीचा वऱ्हाड ‘वर्हाड’ असा दिसू लागतो.

अक्षरक्रमाचेही तसेच आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’ चा क्रमांक ‘ल’ च्या लगेच पुढे आहे, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’ नंतर येतो व त्यापुढे क्ष, ज्ञ येतात. कोश, मतदारयादी वा ग्रंथसूची यांसाठी केवळ क्रमांकांवरून लावलेला क्रम मराठी वाचकाला चुकीचा वाटतो. त्यासाठी इंटल जोडभागातील मराठीचा क्रमनियम निवडावा लागतो.

देवनागरी स्थळनामे : ‘डॉट भारत’ या देवनागरी अंत्यनामाची नोंदणी २७ ऑगस्ट २०१४ पासून सुरू झाली असून त्यामुळे स्थळाचे संपूर्ण नाव मराठीत घेता येते. महाजालाची नामव्यवस्था मात्र रोमन अक्षरे, अंक व जोडरेषा यांवरच चालते. ब्राउझर देवनागरी नावाचे प्युनिकोड या पद्धतीने रोमन रूपांतर करून मगच मागणी पाठवितो. म्हणून सर्व्हरच्या विन्यासात आभासी यजमानाचे नाव त्या रोमन रूपातच लिहावयाचे असते. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्रही त्याच रूपात घ्यावे लागते. विन्यासफायलीत देवनागरी नाव लिहिल्यास मागणीतील नावाशी त्याचा मेळ बसत नाही आणि त्याच संगणकावरील पहिले म्हणून नोंदविलेले, बहुधा भलतेच, स्थळ वाचकासमोर उघडते.